पन्नास हर्ट्झची बातमी

२०१८ च्या जानेवारीच्या मध्यापासून युरोपातली कित्येक घड्याळं हळूहळू मागे पडायला लागली. मनगटावरची नव्हेत, मोबाइलमधलीही नव्हेत. ओव्हनवरची, हीटरवरची, उशाशी ठेवायच्या गजराच्या रेडिओतली. मार्च उजाडला तेव्हा ती जवळजवळ सहा मिनिटं मागे होती आणि स्पेनपासून तुर्कस्तानपर्यंत २५ देशांत सगळीकडे सारखीच मागे. घड्याळं बनवणाऱ्यांचा यात काही दोष नव्हता. भांडण होतं सर्बिया आणि कोसोवो यांचं. कोसोवोच्या उत्तर भागातले सर्बवंशीय लोक कोसोवो सरकारला विजेचे पैसे देत नव्हते, त्या विजेचा खर्च कोणी सोसायचा हे ठरत नव्हतं, कोसोवो जेवढी वीज वापरत होता तेवढी जाळ्यात घालत नव्हता, आणि ज्या सर्बियाने ती तूट भरून काढायची तो भरत नव्हता. सगळी मिळून तूट झाली ११३ गिगावॅट-तास, म्हणजे आपल्या बिलाच्या भाषेत ११ कोटी ३० लाख युनिट.

ही बातमी दिवसभराच्या बातमीपत्रात कोणत्या रकान्यात घालणार? राजकारण म्हणावं तर आहेच. ऊर्जा, विज्ञान, तंत्रज्ञान यांतल्या कुठेही ती तितकीच बसते. मला विचाराल तर विजेची मोठी बातमी बहुतेक वेळा अशीच असते आणि तिचे चार तुकडे करून वाचलं की तिचा अर्थ हरवतो. चारही तुकडे ज्या एका आकड्यात एकत्र येतात तो आकडा म्हणजे ५०.

आपल्या घरात येणारी वीज सतत दिशा बदलते. एकदा इकडे, एकदा तिकडे, असं एका सेकंदात ५० वेळा पूर्ण चक्र. त्यालाच ५० हर्ट्झ फ्रिक्वेन्सी म्हणतात. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. तो वीजकेंद्रातल्या जनित्राच्या फिरण्यातून येतो. कोळशावरच्या केंद्रातलं दोन ध्रुवांचं जनित्र मिनिटाला बरोबर ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. पाण्यावरची जनित्रं सावकाश फिरतात, पण त्यांना ध्रुव जास्त असतात, त्यामुळे हिशोब पुन्हा ५० वरच येतो. चंद्रपूरचा संच, कोयनेचा संच आणि ओडिशातला एखादा संच हे तिन्ही एकाच जाळ्याला जोडलेले असले की एकमेकांशी पावलं जुळवूनच फिरतात. कुणी एकट्याने पुढे पळू शकत नाही की मागे रेंगाळू शकत नाही.

आता खरी अडचण. तारांमध्ये वीज साठत नाही. या क्षणी देशात जेवढी वीज वापरली जाते आहे तेवढी याच क्षणी तयार व्हावी लागते. ती कमी पडली तर काय होतं? पिठाच्या गिरणीत एकदम जास्त दाणे पडले की जातं मंदावतं, आवाज जड होतो. दाणे संपले की तेच जातं सुसाट सुटतं. जनित्रांचं तसंच. मागणी वाढली की देशभरातली सगळी जनित्रं किंचित मंदावतात आणि ५० चे ४९.९५ होतात. मागणी घटली की किंचित वेग घेतात आणि ५०.०५ होतात. हा बदल कन्याकुमारीत आणि काश्मिरात एकाच वेळी दिसतो. (संध्याकाळी घरातला दिवा मिणमिणतो किंवा पंखा रडत फिरतो, तो प्रकार वेगळा. तो व्होल्टेजचा, गावच्या डीपीचा आणि लांबलेल्या तारांचा. त्याला देशाची फ्रिक्वेन्सी जबाबदार नसते.)

युरोपातली ती घड्याळं चक्रं मोजत होती. ५० चक्रं झाली की एक सेकंद पुढे. जाळ्याची सरासरी ४९.९९६ वर आली होती. फरक नगण्य वाटतो, पण दीडएक महिना चालला की सहा मिनिटं होतात.

भारतात हा पट्टा ४९.९० ते ५०.०५ असा ठरवलेला आहे. तो सांभाळण्यासाठी दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग केले जातात आणि कोणत्या राज्याने कोणत्या भागात किती वीज उचलायची, कोणत्या केंद्राने किती तयार करायची, याचं वेळापत्रक आदल्या दिवशीच बनतं. महाराष्ट्राचं हे काम नवी मुंबईत ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून चालतं. त्याच्यावर विभागाचं केंद्र, त्याच्यावर दिल्लीचं राष्ट्रीय केंद्र.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ही शिस्त नव्हती. नव्वदच्या दशकात फ्रिक्वेन्सीचा काटा संध्याकाळी ४८ च्या घरात उतरायचा आणि रात्री ५१ च्या वर चढायचा. टर्बाइनच्या पात्यांना असा वेगबदल सोसत नाही. पण राज्यांना जादा मिळणारी वीज सोडवत नव्हती: ठरल्यापेक्षा जास्त उचलली तरी दर तोच. मग १ जुलै २००२ पासून नवी दरपद्धत आली, आणि ती देशात सर्वांत आधी आली ती आपल्या पश्चिम विभागात. तिची युक्ती मला आजही फार हुशारीची वाटते. ठरल्यापेक्षा जास्त उचललेल्या विजेचा दर थेट फ्रिक्वेन्सीला बांधून टाकला. काटा खाली, म्हणजे देशात तुटवडा; अशा वेळी जादा उचललीत तर महाग. काटा वर, म्हणजे वीज उतू चालली आहे. तेव्हा स्वस्त, अगदी फुकटसुद्धा. ज्याने तुटवड्यात वेळापत्रकापेक्षा कमी उचलली त्याला उलट पैसे. दंडाची नोटीस नको, मंत्र्याला फोन नको. भिंतीवरचा आकडाच दर सांगणार. पुढे नियम अनेकदा बदलले, कडक झाले, पण काटा वठणीवर आला तो तेव्हापासून.

तरीही जुलै २०१२ घडलंच. ३० जुलैच्या पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर भारताचं जाळं कोसळलं. कसंबसं उभं केलं, तर ३१ तारखेला दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही विभागांची जाळी एकदम बसली. साठ कोटींहून जास्त लोक ज्या भागात राहतात तो भाग अंधारात. गंमत अशी की कोसळण्याआधी फ्रिक्वेन्सी फार वाईट नव्हती. त्या दिवसांत पश्चिमेकडे उचल कमी होती आणि उत्तरेकडची राज्यं ठरल्याहून जास्त उचलत होती, त्यामुळे इकडची वीज तिकडे धावत होती. बीना ते ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या वाहिनीवर तो सगळा भार आला आणि ती ट्रिप झाली. मग शेजारची, मग तिच्या शेजारची. पन्नासचा काटा हा सगळ्या देशाची बेरीज सांगतो. कुठल्या तारेवर किती ओझं आहे हे तो सांगत नाही. विजेच्या बातम्या वाचताना ही गोष्ट पुन्हा पुन्हा आठवावी लागते.

त्या वेळी केंद्रीय ऊर्जामंत्री होते सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे. ३१ जुलैला, म्हणजे दुसऱ्यांदा जाळं कोसळलं त्याच दिवशी, ते गृहमंत्री होणार हे जाहीर झालं. फेरबदल आधीच ठरलेला होता म्हणे, पण त्यावर व्हायच्या त्या कोट्या झाल्याच. दीड वर्षाने, ३१ डिसेंबर २०१३ ला, दक्षिण भारताचं वेगळं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं आणि संपूर्ण भारत एका फ्रिक्वेन्सीवर आला. ते ज्या ७६५ केव्हीच्या वाहिनीने जोडलं ती रायचूर ते सोलापूर.

इतकं मोठं जाळं बनवल्याने फायदा काय, हे कळण्यासाठी ५ एप्रिल २०२० ची रात्र बघावी. टाळेबंदी चालू होती. पंतप्रधानांनी ३ तारखेला आवाहन केलं की रविवारी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे बंद करून पणत्या लावा. राजकीय अंगाने त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. भार प्रेषण केंद्रांसाठी मात्र तो विज्ञानाचा पेपर होता आणि तयारीला जेमतेम दोन दिवस. महाराष्ट्राचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सगळे दिवे एकदम बंद झाले तर जाळं कोसळू शकतं असा इशारा दिला आणि त्यांची टिंगल झाली. विरोधी पक्षाचा मंत्री, म्हणून विरोध करतो, असा सूर होता. खरं तर भीती बिनबुडाची नव्हती. मागणी अचानक घटणं हे मागणी अचानक वाढण्याइतकंच वाईट असतं: जनित्रं वेग घेतात, मर्यादा ओलांडली की स्वतःला वाचवायला जाळ्यातून बाहेर पडतात, आणि मग तुटवडा होतो.

अंदाज होता १२ ते १४ हजार मेगावॅटची घट होईल. प्रत्यक्षात झाली सुमारे ३१ हजार. म्हणजे देशाच्या त्या वेळच्या मागणीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त, वीसेक मिनिटांत. ती पचली कशी? कोळशाचा संच असा चटकन खालीवर होत नाही; बॉयलर तापवायला आणि शांत करायला वेळ लागतो. पाण्याचं तसं नाही. झडप फिरवली की काही मिनिटांत शंभर टक्क्यांवरून जवळपास शून्यावर. म्हणून संध्याकाळी जलविद्युत मुद्दाम राखून ठेवली, नऊच्या थोडं आधी कोळसा खाली आणून त्याची जागा पाण्याला दिली, आणि दिवे जसे विझत गेले तसं पाणी ओढून घेतलं. २५ मिनिटांत देशभरातली जलविद्युत १७ हजार मेगावॅटहून जास्त खाली आली. दिवे पुन्हा लागायला लागले तेव्हा त्याहून कमी वेळात १९ हजार मेगावॅट वर गेली. काटा त्या काळात ४९.७० ते ५०.२६ यांच्यामध्ये हलला. ठरलेल्या पट्ट्याच्या बाहेर, पण धोक्याच्या बराच अलीकडे. मंत्र्यांची भीतीही खरी होती आणि अभियंत्यांची तयारीही. ज्यांना या दोनपैकी एकच गोष्ट मान्य करायची होती त्यांनी त्या रात्री फक्त राजकारणाचा रकाना वाचला.

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबई थांबली. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या वाहिन्या एकामागून एक गेल्या, लोकल जिथल्या तिथे उभ्या राहिल्या, आणि असं काही झालं तर मुंबईला उरलेल्या राज्यापासून तोडून स्वतःच्या विजेवर जिवंत ठेवणारी जी यंत्रणा आहे तिने दगा दिला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीअखेर अमेरिकेतल्या एका कंपनीच्या अहवालाने चिनी हॅकर भारताच्या वीजयंत्रणेत शिरू पाहत असल्याचं सांगितलं आणि त्याचा मुंबईशी संबंध जोडला जाऊ लागला. राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले, घातपाताचा संशय आहे. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक. राज्यात एका आघाडीचं सरकार, केंद्रात दुसऱ्या. एकाच घटनेची बातमी तंत्रज्ञानाच्या रकान्यात गेली तर हॅकरची, ऊर्जेच्या रकान्यात गेली तर देखभालीची.

वीज गेल्यावर पहिल्या चोवीस तासांत जो कोणी छातीठोक कारण सांगतो त्याच्यावर माझा विश्वास नाही. २८ एप्रिल २०२५ ला दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले. अवघ्या पाच सेकंदांत १५ गिगावॅट (१५ हजार मेगावॅट) वीजनिर्मिती जाळ्यातून नाहीशी झाली. त्या क्षणी स्पेनच्या निम्म्याहून जास्त विजेचा स्रोत सौर होता, त्यामुळे संध्याकाळपर्यंत दोन तट पडले: अणुऊर्जा बंद करायला निघालात म्हणून हे झालं, आणि नाही, सौरऊर्जेला उगाच बदनाम करू नका. तपास झाला तेव्हा मूळ गोष्ट निघाली व्होल्टेजची. ते वाढत गेलं. ते आवरण्याची जबाबदारी असलेल्या पारंपरिक केंद्रांनी पुरेसं आवरलं नाही. आणि बऱ्याच सौर-पवन प्रकल्पांना व्होल्टेज सावरायचं काम दिलेलंच नव्हतं. वाढलेल्या व्होल्टेजने एकेक केंद्र बाहेर पडलं, त्याने ते आणखी वाढलं. दोन्ही तटांना हवं होतं ते उत्तर यात नव्हतं.

पण सौरऊर्जेविषयीचा एक प्रश्न खरा आहे आणि तो समजून घ्यायला हवा. शेकडो टनांचं जनित्र फिरत असतं तेव्हा त्याच्या फिरण्यातच ऊर्जा साठलेली असते. एखादा मोठा संच अचानक बंद पडला तर पहिले दोन-चार सेकंद बाकीची जनित्रं आपला वेग थोडा गमावून ती तूट भरतात. तेवढ्या उसंतीत त्यांचे गव्हर्नर, म्हणजे वेग राखणारी यंत्रणा, वाफेची, पाण्याची झडप उघडतात, मग संगणक, मग माणसं. सौर पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नसतं. त्याची वीज इन्व्हर्टरमधून येते, आणि साधा इन्व्हर्टर जाळ्यातली फ्रिक्वेन्सी बघून तिच्यामागे जातो. स्वतः ती धरून ठेवत नाही. फिरती यंत्रं कमी झाली की काटा जास्त झपाट्याने पडतो.

यावर इलाजही आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०१६ मध्ये वादळाने मनोरे पाडले आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. मग ऊर्जेवरून जुंपलेल्या राजकारणात इलॉन मस्कने शंभर दिवसांत बॅटरी उभारून देण्याची पैज मारली, आणि २०१७ च्या डिसेंबरात हॉर्न्सडेलला १०० मेगावॅट, १२९ मेगावॅट-तासांची बॅटरी सुरू झाली. हे दोन आकडे बातमीत नेहमी एकमेकांत मिसळतात. पहिला सांगतो ती एका वेळी किती जोर लावू शकते; दुसरा सांगतो एकूण शिल्लक किती. पूर्ण जोर लावला तर सव्वा तासात रिकामी. राज्य चालवायला ती बॅटरी काहीच नव्हे. पण काटा पडायला लागला की क्षणार्धात वीज ओतायला ती कुठल्याही टर्बाइनपेक्षा चपळ निघाली.

आणि कधीकधी हा काटा सरळ सरहद्दीचा प्रश्न होतो. युक्रेनचं जाळं सोव्हिएत काळापासून रशियाच्या फ्रिक्वेन्सीवर होतं. २४ फेब्रुवारी २०२२ ला ते चाचणीसाठी रशिया-बेलारूसपासून तोडलं गेलं. चाचणी आधी ठरलेली होती, काही दिवस एकट्याने चालून दाखवायचं एवढीच. काही तासांत रशियाचं सैन्य आत शिरलं. युक्रेनने जाळं परत जोडलं नाही. युद्ध चालू असताना एकट्याने काटा सांभाळला आणि १६ मार्चला युरोपच्या जाळ्यात शिरला. इस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया यांना स्वतंत्र होऊन तीन दशकं उलटली, युरोपीय संघ झाला, नाटो झालं, तरी त्यांचे दिवे फेब्रुवारी २०२५ पर्यंत मॉस्कोहून सांभाळल्या जाणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर लागत होते.

आपल्याकडे हाच हिशोब शेताच्या बांधावर येतो. कोळशाचा संच रात्री पूर्ण बंद करता येत नाही. त्याला क्षमतेच्या निम्म्याहून थोडं जास्त तरी चालत राहावं लागतं. रात्री कारखाने, कार्यालयं थंड, मग ती वीज घेणार कोण? शेतीपंप घेणार. गावठाणाचा फीडर (वीजवाहिनी) वेगळा, शेतीचा वेगळा. शेतीला थ्री फेज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, पाळीपाळीने. वर्षानुवर्षं जुन्नर-शिरूरच्या उसात बिबट्याच्या भीतीत बॅटरी घेऊन दारं धरणारा शेतकरी हा खरं तर देशाचा काटा ५० वर ठेवण्याच्या यंत्रणेचा एक भाग होता. त्याला हे कुणी सांगितलं नाही आणि त्याबद्दल मोबदलाही दिला नाही. वीजबिल माफीच्या चर्चेत 'फुकट वीज' हे शब्द तोंडात येतात तेव्हा ती वीज किती वाजता दिली होती, हेही विचारायला हवं.

आता चित्र उलटतं आहे. भारतात सौर क्षमता २०२५ च्या सुरुवातीला १०० गिगावॅटवर गेली. भर दुपारी वीज उदंड, आणि सूर्य कलला की तासा-दोन तासांत ती सगळी गायब. नेमकी तेव्हाच घराघरात दिवे, एसी, मिक्सर सुरू होतात. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटच्या विक्रमावर गेली ती दुपारची वेळ होती. ती भागवणं तुलनेने सोपं. भार प्रेषण केंद्रातल्या माणसाला घाम फुटतो तो उन्हाळ्यात रात्री साडेदहाला. म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीतून शेतीचे फीडर दिवसावर आणायची धडपड, म्हणून स्मार्ट मीटरच्या ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर सवलत. स्मार्ट मीटरला झालेला विरोध मी समजू शकतो, मीटर बदलला की बिल वाढतं हा लोकांचा जुना अनुभव आहे. पण 'किती वाजता वापरलं' हे मोजल्याशिवाय दुपारची स्वस्त वीज स्वस्तात देता येत नाही, हेही तितकंच खरं.

संध्याकाळचा तो चढ चढायला महाराष्ट्राकडे कोयना आहे, १९५६ मेगावॅटची, पण तिच्या पाण्याला कृष्णा लवादाची वेसण आहे: वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणीच पश्चिमेला वळवता येतं, आणि एकदा कोकणात उतरलेलं पाणी परत येत नाही. म्हणूनच सह्याद्रीत दोन जलाशयांच्या प्रकल्पांची रीघ लागली आहे. घाटमाथ्यावर एक तलाव, पायथ्याशी दुसरा. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, टंचाई असेल तेव्हा सोडायचं. घाटघरला असा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून आहे. असे जुने प्रकल्प आखले तेव्हा पाणी वर चढवायची वेळ रात्रीची धरली होती, कारण फालतू वीज तेव्हा असायची. नव्या प्रकल्पांच्या हिशोबात ती वेळ भर दुपारची आहे. चढवताना जेवढी वीज लागते तिच्यातली साधारण पाऊण ते चार-पंचमांश परत मिळते. उरलेली वाटेत जाते. त्यामुळे हे गणित जमतं ते दुपारची वीज संध्याकाळच्या विजेपेक्षा पुरेशी स्वस्त असेल तरच. आणि तलावाखाली जाणाऱ्या घाटातल्या जंगलाची किंमत त्यात कशी धरायची, यावर ज्या त्या गावात सुनावण्या आणि वाद सुरू आहेत.